कॉमिकमधला सूट कॅमेऱ्यासमोर आणताना: कामाचा योग्य क्रम

सुपरहिरोची शॉर्टफिल्म करायची ठरली की बहुतेक गट पहिल्याच आठवड्यात पुण्यातली रविवार पेठ गाठतात आणि लाल-निळं लायक्रा घेऊन येतात. मग हौसेने मुखवटा होतो, छातीवरचं चिन्ह होतं. शूटिंगच्या दिवशी मात्र नटाचा हात खांद्याच्या वर जात नाही, मान वळत नाही आणि मॉनिटरवर सगळं शाळेच्या गॅदरिंगसारखं दिसतं. कापड वाईट नसतं, शिवणही बरी असते. क्रम उलटा झालेला असतो: आधी चित्र, मग कापड, मग सूट आणि सगळ्यात शेवटी शॉट.

कॉमिकच्या चित्रकाराला एकच क्षण काढायचा असतो. त्याच्या कापडाला चुण्या पडत नाहीत, केप त्याला हवी तिकडे उडते आणि मुखवट्याला जाडी नसते. कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेम घेतो, त्यात नट वाकतो, घामेजतो, बोलतो. म्हणून खालचा क्रम शॉटपासून सुरू होतो. एका सूटला सहा आठवडे धरा. त्यातले पहिले दोन तरी शिवणयंत्राशिवाय जायला हवेत.

१. शॉटची यादी करा

पटकथेतला सूट दिसणारा प्रत्येक शॉट वहीत लिहा आणि त्यापुढे चार गोष्टी नोंदवा: फ्रेम किती जवळची आहे, नट काय हालचाल करतो, उजेड कुठला आहे आणि संवाद थेट रेकॉर्ड होणार आहेत का.

या चार रकान्यांतूनच पुढचे निर्णय निघतात. चेहऱ्याचे क्लोजअप जास्त असतील तर मुखवट्यावर वेळ घाला, बुटांवर नको. थेट आवाज असेल तर रेक्झिन शक्यतो टाळा, कारण मांडीला मांडी घासली की ते करकरतं आणि साउंड रेकॉर्डिस्ट हात जोडतो. मारामारी असेल तर दोन सूट लागतील: एक जवळच्या शॉटचा आणि एक जमिनीवर लोळायचा. लॅपल माइक (कपड्याला अडकवायचा छोटा माइक) कुठे लपणार आणि त्याचा ट्रान्समीटर कुठल्या खिशात बसणार, हेही आत्ताच ठरवा. शिवून झालेल्या घट्ट सूटमध्ये नंतर खिसा घालता येत नाही.

वायरवर लटकण्याचा शॉट असेल तर हार्नेसची (अंगाला बांधायच्या पट्ट्यांची) जागा, कमरेच्या दोन्ही बाजूंच्या चिरा आणि आतली जाडी स्टंट करणाऱ्या प्रशिक्षित माणसाला विचारूनच ठरवा. हे काम अंदाजाने करायचं नाही.

२. चित्रातलं काय ठेवायचं, काय सोडायचं

पात्राचं चित्र छापून घ्या आणि आतला सगळा भाग काळा भरा. नुसत्या बाह्याकृतीवरून पात्र ओळखू आलं पाहिजे. कान, शिंगं, केपची खांद्यावरची रेषा, हातमोज्यांची धार, जे ओळख देतं ते ठेवायचं. त्यानंतर महत्त्व रंगांच्या मांडणीला आणि मग चिन्हाला. बाकी सगळं सोडता येतं, आणि बऱ्याचदा सोडावंच लागतं.

कॉमिकमधल्या हिरोचं धड प्रचंड आणि कंबर चिमुकली असते. खऱ्या अंगावर एकाच रंगाचं सलग धड लांबट आणि रिकामं दिसतं. त्यावर स्वस्त आणि खात्रीचे उपाय दोन. पट्टा खऱ्या कमरेपेक्षा २ ते ३ सेंमी वर बांधा, पाय लांब दिसतात. आणि बगलेपासून कमरेकडे आत येणाऱ्या गडद रंगाच्या बाजूपट्ट्या घाला, कंबर बारीक दिसते. पँटवरून घातलेली चड्डी ठेवायची की नाही यावर तासन्‌तास वाद होतात. त्या वादात पडण्यापेक्षा एवढं पाहा की कमरेवर रंगाचा एखादा तुकडा लागतोच. चड्डी काढलीत तर ते काम पट्ट्याने करायला हवं.

पात्र एखाद्या प्रकाशन कंपनीच्या मालकीचं असेल तर फिल्म दाखवण्याआधी परवानगीचा प्रश्न येतो. स्वतःचं पात्र रचणं कधीही सोयीचं.

३. रंग आणि कापडाची कॅमेरा चाचणी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई नको. कापडगंजातून किंवा लक्ष्मी रोडवरून थेट तीन मीटर कापड आणू नका. प्रत्येक रंगाच्या तीन-चार छटांचे पाव-पाव मीटरचे तुकडे आणा. ज्या कॅमेऱ्यावर, ज्या लेन्सवर आणि ज्या उजेडात फिल्म होणार आहे त्यातच ते शूट करा. मोबाइलवर काढलेला फोटो ही चाचणी नव्हे.

काय पाहायचं ते असं. भडक लाल डिजिटल कॅमेऱ्यात सपाट होतो, त्यातल्या चुण्या आणि शिवणी दिसेनाशा होतात. डोळ्याला जरा मळकट वाटणारा, किरमिजीकडे झुकणारा लाल पडद्यावर नेमका लाल दिसतो. शुद्ध काळा म्हणजे फ्रेममधलं भोक. त्याऐवजी गडद राखाडी घ्या, किंवा एकाच काळ्यात एक चकचकीत आणि एक मॅट असे दोन पोत वापरा. शुद्ध पांढरा उन्हात फुटतो, तो चहाच्या पाण्यात हलका बुडवून काढला की बरा दिसतो. मात्र चहाचा रंग सुतीवर चढतो, पॉलिएस्टरवर जवळजवळ नाही. तिथे फिकट राखाडी कापडच शोधावं लागतं. बारीक जाळी किंवा बारीक रेघा असतील तर कॅमेरा हळू फिरवून पाहा. कापडावर लाटा सरकताना दिसल्या तर तो नमुना बाद.

रात्रीचे शॉट असतील तर तेच तुकडे रस्त्याच्या दिव्याखाली शूट करा. पिवळ्या दिव्यात निळा काळा होतो आणि लाल विटकरी.

मागे निळा किंवा हिरवा पडदा लावणार असाल तर सूटमध्ये तो रंग नको. १९७८ च्या सुपरमॅन चित्रपटात निळ्या पडद्यापुढच्या उड्डाणाच्या दृश्यांसाठी निळ्याऐवजी हिरवट-निळ्या छटेचा वेगळा सूट वापरावा लागला आणि नंतर रंग सुधारून तो निळा केला गेला. तुमच्याकडे हिरवा पडदा लावायची सोय असेल तर निळ्या सूटला तोच लावा.

कापड घेताना: दोन्ही दिशांना ताणणारं लायक्रा मागा, दुकानात 'फोर वे' म्हणतात. वजन २२० ते २८० जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला तितके ग्रॅम. याहून पातळ कापडातून आतल्या शिवणी आणि घाम दिसतो. पन्हा ५८ ते ६० इंच असतो. ५ फूट ८ इंचाच्या नटाच्या पूर्ण सूटला एक रंग असेल तर पावणेतीन ते तीन मीटर लागतं. दोन सूट करायचे असतील तर कापड एकाच ठाणातून, एकाच वेळी घ्या. पंधरा दिवसांनी त्याच दुकानात तोच रंग मिळेल, पण छटा तीच मिळेल याची खात्री नाही.

पोत छापून घ्यायचा असेल तर खेळांच्या जर्सी छापणाऱ्यांकडे सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने रंग धाग्यात उतरवणारी छपाई, होतं. ते पॉलिएस्टरच्या पांढऱ्या किंवा फिकट कापडावरच बसतं, सुती आणि नायलॉनवर नीट बसत नाही. कापड ताणलं की छपाईखालचा पांढरा धागा गुडघ्यावर आणि कोपरावर डोकावतो. त्यामुळे मुख्य रंग मुळातच रंगवलेल्या कापडाचा ठेवा आणि उठावाच्या रेषांसाठी स्क्रीन प्रिंटवाल्याकडून ताणणारी शाई वापरा. छपाई शिवण्याआधी, कापलेल्या तुकड्यांवर करायची. तुकडा फ्रेमवर थोडा ताणून बसवून छापला तर अंगावर गेल्यावर रेषा तडकत नाहीत.

तपासा: छापलेला तुकडा हाताने वीस वेळा पूर्ण ताणून सोडा. तडे गेले तर शाई बदला.

४. मापं आणि अंगाचा साचा

नेहमीच्या मापांखेरीज तीन मापं लागतात आणि नेमकी तीच राहून जातात. पहिलं, खांद्यावरून पुढे उतरून पायांमधून मागे जाऊन परत त्याच खांद्यापर्यंतचा पूर्ण वेढा. हे नटाला खुर्चीत बसवूनही घ्या. दुसरं, कोपर वाकवलेल्या स्थितीत खांद्यापासून मनगटापर्यंतची लांबी. तिसरं, खोल श्वास घेतलेल्या छातीचा घेर.

साचा करायला नटाला जुना, टाकाऊ टी-शर्ट घाला आणि वरून चिकटपट्टीचे दोन थर आडवे-उभे गुंडाळा. त्यावर मार्करने मधली रेषा, कंबर, छाती आणि बगल आखा. पाठीवर कापून उतरवा, आत वर्तमानपत्रं भरा आणि कापलेली बाजू बंद करा. स्नायू, चिलखत, चिन्ह सगळं या धडावर बेतता येतं, नटाला रोज बोलवावं लागत नाही. पट्टी गुंडाळताना घट्ट ओढू नका आणि नटाला अर्ध्या तासापेक्षा जास्त तसं ठेवू नका. गरम होतं आणि चक्कर येते.

५. आतला स्नायूंचा थर

कॉमिकमधले खांदे जिममध्ये सहा आठवड्यांत येत नाहीत, ते फोमचे करावे लागतात. गादीवाल्याकडचा सोफ्यात घालायचा ४० डेन्सिटीचा घट्ट फोम नको, मऊ आणि हलका घ्या. १० ते १२ मिमी जाडीचे तुकडे कापा, मधे दोन थर, कडेला कात्रीने छाटत जवळजवळ शून्य जाडी. कड जाड राहिली की वरच्या लायक्रातून पायरी दिसते आणि सगळं बिंग फुटतं. हे तुकडे अंगाला बसणाऱ्या साध्या लायक्राच्या बनियनवर हाताने शिवा. नुसत्या चिकटवलेल्या फोमची घामाने साथ सुटते.

बगल, कोपर, गुडघा आणि जांघ यांच्याभोवती ३ ते ४ सेंमी जागा पूर्ण मोकळी ठेवा. खांदे, छातीचा वरचा भाग आणि पाठीची रुंदी एवढ्यावर थांबलात तर उत्तम. पोटाच्या सहा वड्या फोमने कराल तर नट बसल्यावर त्या घडी पडून वर येतात. पोटाला नुसत्या एअरब्रशच्या सावल्या पुरतात.

६. सूट शिवणं

ब्लाउज किंवा सफारी उत्तम शिवणारा शिंपी लायक्राला बिचकतो. नृत्यस्पर्धांचे किंवा जिम्नॅस्टिकचे पोशाख शिवणारा गाठा. त्याच्याकडे ओव्हरलॉक (कड बांधत शिवणारं यंत्र) असतो आणि ताणणाऱ्या कापडाचा हात बसलेला असतो.

घेराची मापं ५ ते ८ टक्क्यांनी कमी करा, लांबीची मुळीच नको. लांबी कमी केली की खांदे खाली आणि जांघ वर ओढली जाते, आणि दुपारपर्यंत नट चिडचिडा होतो. आधी सगळ्यात स्वस्त लायक्रात कच्चा सूट शिवा. मांजरपाट इथे चालत नाही, ते ताणत नाही. कच्चा सूट स्नायूंच्या थरावरून घालून बघायचा. त्याशिवाय घेतलेली ट्रायल फुकट.

सुई बॉलपॉइंट (गोल टोकाची), ११ नंबर. साध्या सुईने धागे तुटतात आणि भोकं वाढत जातात. टीप झिगझॅग किंवा ओव्हरलॉक, दोरा पॉलिएस्टरचा. सरळ टीप पहिल्या उडीत उसवते. जांघेत मियानी (दोन पायांमधला जास्तीचा तुकडा) घाला आणि बगलेत साधारण १२ सेंमीचा चौकोनी तुकडा तिरका बसवा. हात वर केल्यावर अख्खा सूट वर ओढला जातो तो या तुकड्याअभावी.

सूट एकसंध दिसावा म्हणून पायापासून मानेपर्यंत एकच शिवण्याचा मोह होतो. तसं करू नका. कमरेला दोन भाग करा आणि जोड पट्ट्याखाली हुकांनी लपवा. नटाला लघवीला जायचं असतं, हे कुठल्याच चित्रकाराने लक्षात घेतलेलं नाही.

तपासा: नटाने पूर्ण उठाबशी काढावी, दोन्ही हात सरळ वर करावेत, जमिनीला हात लावावा, खुर्चीवर बसून बुटाची नाडी बांधावी. यातलं काही अडलं तर पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

७. मुखवटा

१९८९ च्या बॅटमॅन चित्रपटात मायकेल कीटनचा मुखवटा मानेसकट एकसंध होता. त्याला नुसतं डोकं वळवता येत नव्हतं, बघायचं तर अख्खं धड फिरवावं लागे. २००८ च्या 'द डार्क नाइट' या बॅटमॅन चित्रपटात डोकं आणि मान वेगळी केल्यावर ही अडचण सुटली. तुमच्याकडेही हाच नियम: मुखवटा हनुवटीखाली संपवा, मानेची पट्टी वेगळी शिवा आणि दोन्ही ३ ते ४ सेंमी एकमेकांवर येऊ द्या.

साचा करायला डोक्याला स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म फक्त केस, कपाळ आणि कानांवरून गुंडाळा, वर चिकटपट्टी लावा, रेषा आखा, कापून सपाट करा आणि तो आकार ५ मिमीच्या ईव्हीए फोमवर (चपलेच्या तळव्यासारखा हलका, घट्ट फोम) उतरवा.

इशारा: साचा घेताना नाक आणि तोंड कधीही झाकायचं नाही. शेजारी एक माणूस कात्री घेऊन उभा हवा, ती बोथट टोकाची.

डोळ्यांच्या पांढऱ्या पाकळ्या करायला बारीक भोकांची काळी जाळी घ्या आणि फक्त बाहेरून पांढरा रंग कोरड्या ब्रशने लावा. ओला ब्रश भोकं बुजवतो. बाहेर उजेड जास्त आणि आत अंधार असला की आतला डोळा दिसत नाही, पण नटाला बाहेरचं दिसतं. मागून दिवा आला की ही युक्ती फसते, म्हणून दिग्दर्शकाला आधीच सांगून ठेवा. उघड्या डोळ्यांचा मुखवटा असेल तर पापण्यांपासून मुखवट्याच्या कडेपर्यंत काळा मेकअप भरायला विसरू नका, नाहीतर कातडीचं वर्तुळ दिसतं. त्या मेकअपवर टाल्कम पावडर थापा, नाहीतर तो घामाने उतरतो.

कानाशी ६ मिमीची तीन-चार भोकं पाडा. ती नसतील तर नटाला 'ॲक्शन' ऐकू येत नाही.

८. चिलखत, चिन्ह, रंग

पट्टा, हातमोज्यांची धार, खांद्याच्या पाट्या यांना ईव्हीए फोम पुरतो. वाकणाऱ्या भागाला ४ मिमी, ताठ भागाला १० मिमी, चिन्हाला २ मिमी. बोहरी आळीत शोधलं तर फोम, रेक्झिन, वेल्क्रो आणि चिकटवायचं सोल्यूशन एका फेरीत होतं.

कापताना दर दहा-पंधरा रेघांनी कटरचं पातं बदला. बोथट पात्याने फोम कुरतडला जातो आणि ते रंगातूनही दिसतं. आकार द्यायला हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) फिरवत राहा. मॅट पृष्ठभाग किंचित चकाकला की थांबा, वाकवा आणि गार होईपर्यंत धरा. जोडायला फेव्हिकॉल एसआर ९९८ दोन्ही बाजूंना पातळ लावा, दहा ते पंधरा मिनिटं थांबा आणि बोटाला चिकटेनासं झालं की दाबा. ओलं असतानाच दाबणं ही नेहमीची चूक. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस किंवा उदबत्ती नको.

जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत लावलेल्या सोल्यूशनवर पांढरट थर येतो आणि जोड धरत नाही. तसं दिसलं तर हीट गनची ऊब लांबून द्या, थर गेला की मगच जोडा.

रंगाआधी पाण्यात पातळ केलेल्या साध्या पांढऱ्या फेव्हिकॉलचे तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. मग ॲक्रिलिक. दारं-खिडक्यांचा ऑइल पेंट वाकल्यावर पापुद्र्यांनी निघतो. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर चंदेरी आणि खाचांत काळपट तपकिरी. एवढ्याने फोमचं धातू होतं. हे न केलेलं चिलखत क्लोजअपमध्ये खेळण्याचं वाटतं.

चिन्ह टेबलावर सूट पसरून चिकटवू नका. नटाला सूट घालून, श्वास भरून उभं करा, खुणा करा, आणि फक्त वरची कड व मधला भाग जोडा. खालची टोकं मोकळी राहिली तर हात उचलल्यावर चिन्ह मध्ये फुगत नाही.

दिवे हवे असतील तर तपकीर गल्लीत हवे ते एलईडी मिळतात. मंद करण्यासाठी स्वस्त डिमर लावू नका. तो दिवा फार वेगाने चालू-बंद करतो आणि कॅमेऱ्यात पट्टे येतात. रेझिस्टर लावून मंद करा आणि १/५० शटरवर चाचणी घ्या. पॉवर बँक वापरलीत तर भार कमी असल्यास ती काही वेळाने आपोआप बंद पडते, हेही घरीच तपासा.

९. केप आणि बूट

५८ इंच पन्ह्यात अर्धवर्तुळाची केप बिनजोड निघते. २.८ मीटर कापड घ्या, कडेच्या मध्यबिंदूवरून १४० सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ आखा आणि त्याच बिंदूवरून १४ सेंमीचं छोटं अर्धवर्तुळ गळ्यासाठी कापा. वरची कड सुमारे ४४ सेंमी भरते, खांद्यापासून खांद्यापर्यंत पुरते. लांबी १२६ सेंमी मिळते. आधी हे मांजरपाटात करून पाहा. सॅटिन टाळा, त्याची चमक लग्नाच्या मंडपाची आठवण देते. वजनदार क्रेप किंवा पातळ वूल चांगलं पडतं. खालच्या दुमडीत पडद्यांना घालतात ती शिशाची दोरी घाला. वायसर घालाल तर ते वाजतात. केपचा भार गळ्यावर नको, तो खांद्याच्या आत शिवलेल्या पट्ट्यांवर यायला हवा आणि जोड वेल्क्रोचा, म्हणजे केप कुठे अडकली तर सुटून येईल.

बुटांसाठी रबरी तळव्याचे, नटाच्या मापाचे साधे स्पोर्ट्स शूज घ्या आणि त्यावर लायक्रा-फोमचं आवरण करा. तळवा झाकू नका. वेताळ टेकडीच्या मुरुमावर किंवा पॉलिश केलेल्या फरशीवर झाकलेला तळवा घसरतो.

१०. रंगीत तालीम आणि सेटवरची पिशवी

शूटिंगच्या किमान चार दिवस आधी पूर्ण सूट घालून दोन तास काढा आणि सगळ्यात अवघड शॉट खऱ्या कॅमेऱ्यावर घ्या. जे तुटायचं ते तेव्हा तुटू द्या. सेटवर दर वीस-पंचवीस मिनिटांनी मुखवटा उघडून नटाला पाणी द्या. एप्रिल-मेमध्ये दुपारचे बाहेरचे शॉट सकाळी उरका.

पिशवीत सुई-दोरा सूटच्या प्रत्येक रंगाचा, एसआरची लहान डबी, फेव्हिक्विक, वेल्क्रो, सेफ्टी पिना, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी, काळा मार्कर, टाल्कम पावडर, टिश्यू आणि प्रत्येक रंगाची छोटी बाटली. प्रत्येक दृश्यानंतर पुढून, मागून आणि बाजूने फोटो काढा. फाटलेलं, मळलेलं, रक्ताळलेलं कुठल्या क्रमाने येतं ते नंतर आठवत नाही.

रात्री लायक्रा गार पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत सपाट वाळवा. फोमचे भाग मोठ्या खोक्यात, एकमेकांवर न रचता ठेवा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत नको, तिथे जोड सुटतात आणि खांद्यांच्या पाट्यांचा बाक जातो.